छोट्या व्हॅनची कॅम्पर करायचीय? नवीन लोकांसाठी पहिल्यापासून सगळं

झोपायला नीट बेड, डोक्यावर पंखा, दोन लाइट, फोन-लॅपटॉपचं चार्जिंग, चहा-पोह्यांपुरतं किचन आणि वीस लिटर पाणी. दोन माणसांना आठवडाभर फिरायला एवढं पुरतं, आणि एवढं साध्या छोट्या व्हॅनमध्ये व्यवस्थित बसतं. अडचण अशी होते की आपण व्हिडिओ बघतो ते बहुतेक बाहेरच्या देशातले, तिथे लोक सरळ ग्राइंडर घेऊन छप्पर कापतात, पंखा बसवतात, बाजूला खिडकी काढतात, आणि आपल्याला वाटतं आपणही हेच करायचं. आपल्याकडे कायदा वेगळा, हवा वेगळी, पाऊस तर फारच वेगळा. मी पुण्यात राहतो, आमची व्हॅन आम्ही घरीच तयार केली, सुताराची आणि फॅब्रिकेटरची जिथे लागली तिथे मदत घेतली, आणि हे सगळं एका जागी मराठीत कुठे लिहिलेलं सापडलं नाही म्हणून लिहितोय.

सुरुवातीलाच एक नियम मनाशी पक्का करा. गाडीत जे काही घालाल ते सामान असलं पाहिजे, गाडीतला बदल नाही. म्हणजे ते नट-बोल्ट किंवा पट्ट्यांवर उभं राहिलं पाहिजे आणि एक पाना घेऊन तासाभरात बाहेर काढता आलं पाहिजे. पुढचे सगळे निर्णय यावरूनच घ्यायचेत.

१. गाडी कोणती घ्यायची

नवीन लोक बहुतेक मारुती इकोपासून सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, गावातला मेकॅनिकसुद्धा हात घालतो, दोन्ही बाजूला सरकती दारं आहेत. बाहेरून लांबी ३६७५ मिमी, रुंदी १४७५, उंची साधारण १८२५. म्हणजे आत उभं राहायचा प्रश्नच नाही, बसायचं आणि झोपायचं. उभं राहायचं असेल तर फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरचं उंच छप्पर लागतं, पण मग बजेट, पार्किंग आणि कागदपत्रं सगळंच दुसऱ्या लेव्हलला जातं.

सेकंडहँड बघताना फसायच्या तीन जागा आहेत.

कार्गो मॉडेल स्वस्त दिसतं आणि मागे सगळी रिकामी जागा बघून मोह होतो. ती मालवाहू म्हणून नोंदलेली गाडी असते, मागे माणसं घेऊन फिरायला नाही. पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी असेल तर ती आधी आरटीओतून खासगी करून घ्यावी लागते, "नंतर होऊन जाईल" असं एजंट म्हणाला तरी ते होऊन जाण्याआधी पैसे देऊ नका.

सीएनजी गाडीत मागे सिलेंडर असतो, म्हणजे बेडखालची सगळ्यात कामाची जागा गेली. शिवाय सीएनजी गाडीत आत शेगडी पेटवायचा विचारसुद्धा नको. शक्य असेल तर पेट्रोल घ्या. सीएनजीच असेल तर सिलेंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) झालीय का ते प्लेटवर बघा, आणि बेड असा करा की व्हॉल्व्हपर्यंत हात लगेच पोचेल.

तिसरी गोष्ट मागची सीट. पाठ दुमडते का, दुमडून कितीच्या उंचीवर राहते, हे तिथेच उभं राहून करून बघा, कारण तुमच्या बेडची उंची त्यावर ठरणार आहे.

२. आरटीओ आणि इन्शुरन्स, हे वाचल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. छप्पर कापणं, खिडकी पाडणं, पॉप-अप टॉप (वर उचलता येणारं छप्पर), आसनसंख्या बदलणं हे सगळं यात येतं.

म्हणून छोट्या व्हॅनमध्ये सीट दुमडून बेड तिच्या वर घ्यायचा. सीट दुमडतच नसेल आणि काढायचीच असेल तर आधी आरटीओला लेखी विचारा, परिवहनच्या पोर्टलवर वाहनातल्या बदलासाठी अर्जाची सोय आहे. "सगळेच काढतात" हे उत्तर तपासणीच्या वेळी चालत नाही, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही पहिला प्रश्न हाच विचारतो.

ज्यांना टॉयलेट, उंच छप्पर, फिक्स किचन असलेली खरी मोटर कॅराव्हॅन हवी त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. त्यासाठी एआयएस १२४ नावाचं स्वतंत्र मानक आहे, मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून ती करून घ्यायची आणि आरसीवर वाहनाचा प्रकार तसाच लिहून आला पाहिजे. बिल्डरकडे गेल्यावर डिझाइनचे फोटो बघण्याआधी मंजुरीचे कागद मागा. जो कागद दाखवायला टाळाटाळ करतो तिथून उठायचं.

इन्शुरन्स कंपनीला ईमेल टाकून ठेवा की गाडीत सुटं सामान म्हणून बेड आणि बॅटरी ठेवतोय. फोनवर सांगू नका, लेखी उत्तर हवं. काळ्या फिल्मचा विषयही इथेच संपवतो, २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून पोलीस ती उतरवतात आणि दंडही करतात, त्यामुळे आडोसा हवा तर तो गाडी उभी असतानाच लावायचा.

३. काय काय जमवायचं

कागद: आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स, गाडीवर लोन असेल तर बँकेचे कागद, बॅटरी-चार्जर-फ्रिजची बिलं (वॉरंटीसाठी आणि चोरी झाली तर क्लेमसाठी), इन्शुरन्सचा तो ईमेल प्रिंट काढून.

हत्यारं: मेजरिंग टेप, गुण्या, ड्रिल, जिगसॉ, पाना सेट, मल्टिमीटर, वायर स्ट्रिपर, क्रिंपिंगचा पक्कड (वायरच्या टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवायला). जिगसॉ आणि ड्रिल भाड्यानेही मिळतात, एका गाडीसाठी विकत घ्यायची गरज नाही.

पुण्यात प्लायवुड टिंबर मार्केटला, इलेक्ट्रिकचं सगळं तपकीर गल्लीत, बिजागऱ्या-कड्या-स्क्रू बोहरी आळीत आणि गाडीचे क्लिप, रबर, ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची रबरी कडी) नाना पेठेत मिळतात. मुंबईत वायर-लाइटसाठी लोहार चाळ आहेच. ऑनलाइनपेक्षा दुकानात जा, कारण बिजागरी हातात घेऊन हलवून बघितल्याशिवाय कळत नाही.

४. मापं आणि पुठ्ठा

ब्रोशरमधली मापं विसरा. मागच्या दारापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत टेप धरा, पुढची सीट तुम्ही जशी चालवायला ठेवता तशी ठेवून एकदा आणि पूर्ण पुढे घेऊन एकदा. तुमच्या उंचीपेक्षा चार इंच जास्त मिळायला हवेत. नाही मिळाले तर बेडला पुढे सरकणारी फळी करायची, रात्री सीट पुढे घेऊन ती ओढायची. चाकांच्या वरचा उंचवटा दोन्ही बाजूला मोजा, तिथली रुंदी वरच्या रुंदीपेक्षा बरीच कमी भरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप, बसायची उंची. सीट दुमडून तिच्यावर विटा, पुस्तकं, क्रेट काहीही रचून बेड किती उंच होईल तेवढा थर करा, वर चार इंचाची गादी धरा आणि त्यावर मांडी घालून बसा. मान वाकवावी लागली तर बेड खाली आणावाच लागेल, मग खालचा स्टोरेज गेला तरी चालेल. पावसात चार तास गाडीत बसून काढायची वेळ येते तेव्हा वाकलेल्या मानेने ट्रिप संपते.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणून पूर्ण मापाचं मॉडेल गाडीत उभं करा, बेड, पेटी, पाण्याचा कॅन सगळं. दोघं आत झोपून बघा, मधेच उठून बाहेर जायचं नाटक करा. कुठलं दार उघडायचं, चप्पल कुठे, टॉर्च कुठे हे सगळं पुठ्ठ्यातच कळतं आणि पुठ्ठा कापायला पैसे लागत नाहीत.

५. बेड

प्लाय १२ मिमी, बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा), त्यावर आयएस ७१० चा छाप बघून घ्या. सुतार हमखास १८ मिमी सांगतो कारण त्याला घरातल्या फर्निचरची सवय असते. आठ बाय चारची १२ मिमीची शीट साधारण २३ किलो भरते, १८ची ३५ च्या आसपास. दोन शीटमध्येच २४ किलोचा फरक पडला, आणि हे वजन तुम्ही ताम्हिणीचा घाट चढताना आणि उतरताना सोबत नेणार आहात. खालची फ्रेम एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची केली तर चालते, ॲल्युमिनियम प्रोफाइल हलकं पडतं पण महाग.

वरची फळी सलग ठेवू नका. पट्ट्या करा, मधे दीड-दोन इंच फट सोडा. सलग प्लायवर गादी टाकली की खालून हवा लागत नाही आणि पावसाळ्यात आठ दिवसांत गादीच्या पोटाला बुरशी येते. गादी कापसाची नको, ती ओल धरते. ४० डेन्सिटीचा चार इंची फोम तीन तुकड्यांत कापून घ्या म्हणजे दिवसा दोन तुकडे पाठीला टेकून सोफा होतो. खोळ सुती किंवा कॅनव्हासची, रेक्झिनवर घामाने झोप येत नाही.

नट सगळे नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले) घ्या. साधे नट आपल्या रस्त्यांवर दोनशे किलोमीटरमध्ये ढिले होतात आणि मग बेड रात्रभर कुरकुरतो. जोडांमध्ये रबराची पातळ पट्टी द्या. पूर्ण बेड आणि त्याखालच्या पेट्या रॅचेट बेल्टने (खटक्याने आवळायच्या पट्ट्याने) गाडीतल्या मूळ हुकांना आवळायच्या. सीटबेल्टच्या बोल्टांना मात्र हात लावायचा नाही, ते त्याच कामासाठी आहेत. आणि जड सामान, म्हणजे बॅटरी, पाणी, खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. सगळं वजन मागच्या दाराशी गेलं की वळणावर गाडी मागून ओढल्यासारखी होते.

६. ऊन, हवा, ओल

पत्र्याची गाडी एप्रिलमध्ये दुपारी उन्हात उभी असेल तर कुठलंही इन्सुलेशन तिला थंड करत नाही, फक्त उशीर करतं. त्यामुळे आधी सावलीत पार्किंग, मग बाकीचं. छताच्या आतल्या लाइनिंगमागे १० मिमीचा, ॲल्युमिनियम फॉइल लावलेला एक्सएलपीई फोम घातला तर फरक नक्की जाणवतो, पावसाचा आवाजही कमी होतो. चिकटवायला उष्णता सहन करणारा ॲडहेसिव्ह घ्या, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात फोम खाली लोंबतो. हे काम दारं उघडी ठेवून करा, त्या वासाने डोकं धरतं.

काचांसाठी त्याच फोमचे काचेच्या आकाराचे तुकडे कापा, एकदा पेपरवर छाप घेऊन कापलं की ते घट्ट बसतात. रात्री आडोसा, दुपारी ऊन अडवायला तेच.

रात्री काचा पूर्ण बंद करून झोपू नका. दोन माणसांच्या श्वासातली वाफ काचेवर आणि पत्र्यावर जमते, सकाळी थेंब अंगावर पडतात. समोरासमोरच्या दोन काचा इंच-दीड इंच खाली, वर पावसाचं पाणी अडवणारे डोअर व्हायझर, आतून चुंबकावर बसणारी मच्छरदाणी, आणि १२ व्होल्टचा पंखा एका काचेकडे तोंड करून. एवढ्यावर महाबळेश्वर-आंबोलीची हवा छान निभते. मे महिन्यात तारकर्लीला मात्र निभत नाही, तेव्हा वर घाटावर जायचं.

७. वीज

इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि सगळ्यात जास्त चुकतातही, म्हणून जरा सावकाश वाचा.

आधी हिशोब. पंखा २० वॅट, आठ तास, १६० वॅट-अवर (वॅट गुणिले तास). लाइट ६ वॅट, चार तास, २४. दोन फोन ३०. लॅपटॉप एकदा पूर्ण, ६०. सगळं मिळून २७५ च्या आत. आता छोटा कॉम्प्रेसर फ्रिज जोडा, चालू असताना तो ४५ वॅटच्या आसपास घेतो पण सारखा चालत नाही, तरी चोवीस तासांत ४०० धरा. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीत १२८० वॅट-अवर असतात, वापरायला ११०० धरा. म्हणजे फ्रिजशिवाय चार दिवस, फ्रिजसकट दीड दिवस. हा हिशोब केल्यावर बरेच जण फ्रिज रद्द करून चांगला आइसबॉक्स घेतात आणि मला तो निर्णय पटतो, निदान पहिल्या वर्षी तरी.

इन्व्हर्टरची जुनी लेड ॲसिड बॅटरी आत ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तुम्ही तिच्या शेजारी झोपणार आहात.

चार्जिंगला गाडीच्या बॅटरीची वायर सरळ लिथियमला जोडायची नाही. लिथियम जेवढा करंट मिळेल तेवढा ओढते आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) त्याने तापतो. मधे डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या बाजूने ठरावीकच करंट घेऊन दुसरी बॅटरी भरणारा) लागतो, २० अँपिअरचा पुरे. तासाभराच्या ड्रायव्हिंगमध्ये साधारण २५० वॅट-अवर भरतात, म्हणजे पुणे ते गणपतीपुळे गेलात तर बॅटरी जवळजवळ भरलेलीच. हे चालत्या गाडीचं गणित आहे. दोन-तीन दिवस एकाच जागी थांबणार असाल तर १०० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल बाहेर उन्हात ठेवा, हिवाळ्यात कडक उन्हात ४०० च्या आसपास वॅट-अवर देतं, जुलैत काहीच धरू नका.

वायर आणि फ्यूज, इथे पैसे वाचवू नका:

गाडीच्या बॅटरीपासून चार्जरपर्यंत १० स्क्वेअर एमएम तांब्याची वायर, दोन्ही बॅटरींच्या टोकाला ३० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण तो वायरला जळण्यापासून वाचवतो, उपकरणाला नाही. वायर पत्र्यातून जिथे जाईल तिथे रबरी ग्रोमेट, बाकी पूर्ण लांबीला फ्लेक्झिबल पाइप. घरातली एसीची एमसीबी डीसीला लावू नका, डीसीचा आर्क (ठिणगी) तिच्यात तुटत नाही. वायर पिळून टेप गुंडाळायची पद्धत गाडीत चालत नाही, थिंबल लावून नीट क्रिंप करा, जाड वायरचे थिंबल बॅटरीच्या दुकानात मशीनवर दाबून मिळतात.

सगळं जोडून झाल्यावर पंखा, लाइट, फ्रिज, चार्जिंग एकदम चालू करून अर्धा तास सोडा. मग प्रत्येक जोडाला बोट लावून बघा. एखादा कोमट लागला तर तो क्रिंप ढिला आहे, कापून परत करायचा. मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकाला आणि फ्रिजच्या प्लगला व्होल्टेज घ्या, ०.४ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर वायर बारीक पडतेय.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांनी तयार पॉवर स्टेशन (बॅटरी आणि प्लग एकाच डब्यात) घ्यावं, घरी भरायचं, गाडीत ठेवायचं. पैसे जास्त जातात पण ते पूर्णपणे सामान आहे, आरटीओचा प्रश्नच नाही. लायटरच्या सॉकेटवरही भरतं, पण हळू, तिथून साधारण १०० ते १२० वॅटच मिळतात. आणि स्पिती-लडाखला जाणाऱ्यांसाठी: लिथियम फॉस्फेट बॅटरी शून्याच्या खाली चार्ज करायची नसते, सकाळी गाडी आतून गरम झाल्यावरच चार्जर चालू करा.

८. स्वयंपाक आणि पाणी

किचन मागच्या दाराशी, बाहेर ओढता येणाऱ्या ड्रॉवरवर, आणि स्वयंपाक बाहेर उभं राहून. मागचं दार वर उघडत असेल तर तेच छप्पर होतं. गाडीच्या आत शेगडी पेटवून दारं बंद करायची नाहीत, थंडी कितीही असो, आणि कोळशाची शेगडी तर उब घ्यायलासुद्धा आत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. सीओ अलार्म आणि दोन किलोचा एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर या दोन्ही गोष्टी पहिल्या ट्रिपच्या आधी गाडीत हव्यात, एक्स्टिंग्विशर बेडखाली पुरून नाही, सरकत्या दाराजवळ हाताला येईल असा.

घरचा १४.२ किलोचा सिलेंडर न्यायचा नाही. छोट्या ट्रिपला ब्युटेन कॅनची पोर्टेबल शेगडी सोपी, मोठ्या ट्रिपला पाच किलोचा छोटा सिलेंडर, उभा बांधून, बंद करून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर बेडखाली साठतो. म्हणून सकाळी वास आला तर लाइटचं बटणसुद्धा दाबायचं नाही, आधी सगळी दारं उघडायची.

पाण्याला दहा-दहा लिटरचे दोन कॅन घ्या, वीस लिटरचा एक नको, भरलेला उचलून कंबर जाते. वर यूएसबी चार्जिंगचा जार पंप, झालं किचनचं नळकाम. भांडी धुतलेलं पाणी बादलीत घ्या आणि नीट जागी ओता, समुद्रात किंवा ओढ्यात नाही.

९. टॉयलेट

बायका-मुलं सोबत असतील तर हा विषय टाळू नका. घडीचा कमोड, जाड पिशव्या आणि जेल पावडर एका डब्यात बसतं, आणि उभा करायचा छोटा तंबू मिळतो. रात्रीपुरती ही सोय असली की कुठे थांबायचं याचं टेन्शन निम्मं होतं.

१०. कुठे थांबायचं आणि पहिली रात्र

महाराष्ट्र सरकारचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण गावोगावी प्लग-पॉइंटवाली पार्किंग मिळेल असं समजून निघू नका. एमटीडीसीची रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं, देवस्थानांची भक्तनिवासं, हायवेवरचे मोठे पेट्रोल पंप इथे फोन करून विचारलं की बहुतेक ठिकाणी सोय होते, थोडे पैसे देऊन बाथरूमही वापरता येतं. गावात थांबणार असाल तर सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून सांगा, "काका, रात्री इथे गाडी लावून झोपलो तर चालेल ना?" एवढं विचारलं की उलट तेच सुरक्षित जागा दाखवतात. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढू नका. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. वाळूत गाडी घालायचीच नाही, भरती कधी येते ते वाळूत रुतल्यावर कळून उपयोग नसतो.

पहिली रात्र मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्येच काढा. दुसरी घरापासून तासाभरावर, पानशेत-मुळशीच्या बाजूला ओळखीच्या कुणाच्या आवारात. काय कुरकुरतं, कुठे ओल येते, कुठली वस्तू हाताला लागत नाही ते कागदावर लिहून काढा आणि घरी येऊन तेवढंच दुरुस्त करा, नवीन काही बसवू नका. मग दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की पाना घेऊन गाडीतला प्रत्येक नट, प्रत्येक बेल्ट आणि बॅटरीची दोन्ही टर्मिनल परत आवळा, आणि हे दर मोठ्या ट्रिपच्या आदल्या दिवशी करत राहा.